चष्मा गाडीत, गाडी दुसऱ्या साइटवर

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळून)

पत्र लिहिणाऱ्या ताई नागपूरच्या, कृषी शाखेच्या पदवीधर. सात वर्षांपूर्वी त्यांनी बागा तयार करून देण्याचा आणि सांभाळण्याचा व्यवसाय सुरू केला. आज बेसा, मनीषनगर आणि वर्धा रोडच्या भागात चाळीसेक बंगले, तीन सोसायट्या आणि एका कार्यालयाचं लॉन त्यांच्याकडे आहे. हाताखाली अकरा माणसं आहेत, सहा पुरुष आणि पाच बाया. चौघं महिन्याच्या पगारावर, बाकी रोजंदारीवर. पुरुषांना साडेपाचशे रोज, बायांना चारशे, हिशोब दर शनिवारी. या सगळ्यांचे मुकादम म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचे काका. त्यांच्याच हाताखाली ताई कलम बांधायला शिकल्या.

मागच्या महिन्यात गवत कापायचं ब्रश कटर मशीन चालवताना एका एकवीस वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात खडा उडाला. ‘चष्मा दिलेला होता, त्यानं घातला नव्हता,’ असं ताई लिहितात. त्या दिवशी अकराच्या आत पाच बंगले उरकायचे होते. डोळा वाचला. अठरा हजारांचं बिल ताईंनी भरलं आणि दुसऱ्या दिवशी नियम केला: चष्मा, हातमोजे, बूट नसतील तर दोनशे रुपये दंड. त्यावर काका सगळ्यांदेखत म्हणाले, ‘पस्तीस वर्षं झाले काम करून रायलो, मले काही झालं नाही. असंच करायचं असंन तर माह्या हिशोब करून टाका.’ तेव्हापासून पोरंही चष्मा घालत नाहीत. ताईंचे पती म्हणतात, प्रत्येकाकडून पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘स्वतःच्या जबाबदारीवर काम करतो’ असं लिहून घे आणि मोकळी हो. ताईंचा प्रश्न: लिहून घेऊ का? आणि काकांना काढू का?

ताई,

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी कागदावर एकाखाली एक लिहून काढली. पहिलं, ‘चष्मा दिलेला होता, त्यानं घातला नव्हता.’ दुसरं त्याच पानावर चार ओळी खाली आहे: ‘चष्मे गाडीत होते आणि गाडी दुसऱ्या साइटवर रोपं पोहोचवायला गेली होती.’ आता तुम्हीच सांगा, त्यानं चष्मा घातला नाही, की त्याला तो घालता येणारच नव्हता? खांद्याला मशीन अडकवलेलं, मुकादमाची घाई, पाचातला दुसराच बंगला, आणि चष्मा गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्या पोरानं काय करायचं होतं?

तुम्हाला कोंडीत पकडायला हे विचारत नाही. हीच चूक मी स्वतः केलेली आहे, आणि तीही पगार घेऊन. निवृत्तीआधी मी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो. ग्राइंडिंगला उभी राहणारी पोरं चष्मे घालत नाहीत म्हणून मी भिंतीवर फलक लावले, दर सोमवारी भाषणं दिली, चौघांना मेमो दिले. दीड वर्ष हे चाललं. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरनं मला चहाच्या टपरीवर गाठून सांगितलं, साहेब, चष्म्याच्या कपाटाची किल्ली स्टोअरच्या बाबूकडे असते, बाबू साडेनऊला येतो, आपली पाळी सातला लागते. रोज अडीच तास पोरं बिनचष्म्यानंच काम करत होती. तेवढ्या वेळानंतर कपाटापर्यंत चालत जाण्याची कुणाला आठवण राहते? मी दीड वर्ष माणसं सुधारत बसलो होतो आणि किल्लीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

म्हणून ‘ही माणसं ऐकत का नाहीत’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी तुमच्या यजमानांच्या स्टॅम्पपेपरचं बघू, कारण ते काम एका परिच्छेदात संपतं.

तो कागद कामाचा नाही. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकानं द्यायची, हा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे. आता त्याच तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत, आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कामगारानं भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार केला, तरी तो करार तेवढ्यापुरता रद्दबातल धरला जातो, मग कागद पाचशेचा असो की पाच हजारांचा. रोजंदारीचा माणूस असला म्हणूनही सुटका नाही. उलट उद्या काही झालं, तर तो कागद एवढंच दाखवेल की काम धोक्याचं आहे हे मालकिणीला माहीत होतं. यजमानांना सांगा, ते पाचशे रुपये वाचवा.

जाता जाता, अठरा हजारांचं बिल भरलंत ते चांगलंच केलंत. पण उपचाराचा खर्च हा उपकार नसतो, तो मालकाच्या अंगावरच असतो. तो मुलगा घरी बसला त्या दिवसांच्या मजुरीचं काय केलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कायद्याचा हिशोब साधारण अर्ध्या मजुरीचा आहे, आणि पहिल्या तीन दिवसांबाबत त्यात अटी आहेत. माझं ऐकाल तर कायदा बाजूला ठेवून पूर्ण मजुरी द्या, आणि शनिवारी सगळ्यांसमोर द्या. पट्टी बांधून घरी बसलेल्या पोराच्या घरी चूल कशी पेटली, हे बाकीचे दहाजण बघत असतात. पुढच्या वेळी लागलं-खुपलं तर ते सांगायचं की लपवायचं, हे त्यावरून ते ठरवतात. आणि छोटं लागलेलं लपवलं गेलं, की मोठं केव्हा येतंय याचा तुम्हाला वासही लागत नाही.

दंडाचंही तसंच. तुमचा रोजंदारीचा माणूस आठवड्याला तीन हजार तीनशे कमावतो. दंड त्या हिशोबाच्या काळातल्या मजुरीच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये, म्हणजे नव्याण्णव रुपये. तोही कशाकशासाठी लावणार याची मंजूर यादी आधी लावलेली असावी लागते, माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, वहीत नोंद ठेवावी लागते आणि जमा पैसा कामगारांच्याच उपयोगात आणावा लागतो. तुमचे दोनशे यातल्या एकाही पायरीवर टिकत नाहीत. कायदा नसता तरी मी दंडाच्या विरोधातच बोललो असतो. चारशे रोजावरच्या बाईचे दोनशे कापले, तर ती तुमची गाडी दिसल्यावर हातमोजे घालेल आणि गाडी वळली की काढून ठेवेल. (चारशे आणि साडेपाचशे, यावरही मला बोलायचं आहे, पण ते पत्र वेगळं होईल.)

दंडाऐवजी नियम असा करा: डोळ्यावर चष्मा नाही तर मशीन सुरू होणार नाही. मजुरी कापायची नाही. त्या दिवशी तो माणूस खुरपं घेईल, पाणी देईल, पूर्ण रोज घेईल. हा नियम पोरांना आहे, तसाच काकांना आणि साइटवर मशीन हातात घेतलंत तर तुम्हालाही. आणि चष्मे गाडीत नाहीत, मशीनसोबत. ब्रश कटरच्या दांड्यालाच एक कापडी थैली बांधा, चष्मा आणि जाळीचा मुखवटा त्यात. मशीन जिथं जाईल तिथं थैली जाईल. माझी किल्ली सापडायला दीड वर्ष लागलं, तुमची ही.

त्या मशीनबद्दल आणखी थोडं, कारण डोळा चष्म्यानं वाचतो पण खडा चष्म्यामुळे उडायचा थांबत नाही. तुमच्या ब्रश कटरला खालचं गार्ड आहे का, हे उद्या सकाळी स्वतः बघा. नायलॉनची दोरी लांब सोडता यावी, हात लवकर उरकावा म्हणून पोरं ते काढून ठेवतात, आणि मग प्रत्येक खडा सरळ अंगावर येतो. लोखंडी पातं झुडपांपुरतं ठेवा, कुंपणाकडेच्या आणि फरशीलगतच्या गवताला दोरीच. मशीन चालू असताना पन्नास फुटांत कुणी नको. तुमच्या बाया शेजारच्याच वाफ्यात निंदण करत बसत असणार, म्हणून विशेष सांगतो. सुरू करण्याआधी दोघांनी पाच मिनिटं लॉन पायाखाली घालायचं: गिट्टी, काच, तार, कुत्र्यानं आणून टाकलेलं हाड. बेसा-मनीषनगरला अर्धे प्लॉट अजून बांधकामात आहेत, तिथली गिट्टी तुमच्या लॉनमध्ये येणारच.

चष्मा घेताना फुटपाथवरचा नको, आयएस ५९८३ लिहिलेला घ्या. जाळीच्या मुखवट्यावर वाफ धरत नाही म्हणून पोरांना तो आवडतो, पण बारीक कचरा जाळीतून आत येतो, तेव्हा आत चष्मा हवाच. आणि काच ओरखडली की बदलून द्या. ओरखडलेल्या चष्म्यातून उन्हात काही दिसत नाही, मग तो कपाळावर चढतो. पेट्रोल भरताना मशीन गार होऊ द्यायचं, भरणाऱ्याच्या तोंडात बिडी नाही, हे काकांना माहीत असेलच. विजेवरचं मॉवर असेल आणि ज्या बोर्डातून वीज घेता तिथं ३० मिलिअँपिअरची ट्रिप (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर स्वतःची ट्रिप लावलेली एक्स्टेन्शन सोबत न्या. श्रावणात ओल्या लॉनवर वायर कापली गेली, तर दुसरा कुठला उपाय तेवढ्या वेगानं काम करत नाही.

आता पाच बंगल्यांकडे येतो. तुमच्या पत्रातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तुम्ही ती ओझरती लिहून पुढे गेलात.

अकराच्या आत पाच बंगले कुणी ठरवले? काकांनी नाही. ते तुमच्या कोटेशननं ठरवले. महिन्याला जो दर तुम्ही कबूल केलात, त्यात पाच मिनिटं लॉन पायाखाली घालणं बसत नाही, चष्मा आणायला परत जाणं बसत नाही, बायांचं सावलीत दहा मिनिटं टेकणं बसत नाही. मालक एकीकडे तोंडानं ‘जपून’ म्हणतो आणि दुसरीकडे वेळापत्रकानं ‘लवकर’ म्हणतो, तेव्हा माणसं वेळापत्रकाचं ऐकतात. काका तुमच्या वेळापत्रकाचे वफादार आहेत. ते तुमच्याविरुद्ध वागत आहेत असं तुम्हाला वाटतंय, मला तर उलटंच दिसतंय.

तुम्ही म्हणाल, दर वाढवला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल. काही जातीलही. पण आकडा तरी मांडून बघा. चाळीस बंगल्यांना महिन्याला पन्नास रुपये वाढवले तर वर्षाला चोवीस हजार होतात. चष्मे, मुखवटे, मापाचे हातमोजे, बूट, पाण्याचे कॅन, प्रथमोपचाराची पेटी, सगळं त्यात भागून वर उरेल. पन्नास रुपये म्हणजे धरमपेठेत दोघांचा चहा-नाश्ताही होत नाही. वेळेचा प्रश्न पन्नास रुपयांनी सुटणार नाही, तिथं पाचाचे चार करावे लागतील. ते धीरानं, करार नवा होईल तसतसं करा. आणि करारात दोन गोष्टी लिहूनच घ्या: उन्हाळ्याच्या वेळा, आणि संडास.

उन्हाळा आधी. होळी झाली की आपल्याकडे काय होतं हे नागपूरकरांना सांगायला नको. मे महिन्यात ४५ अंश म्हणजे बातमीही नसते, आणि २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की कूलरही गरम हवा फेकतो. अशा दिवसांत अकरापर्यंतचं काम हेही उशिराचंच झालं. पण सोसायट्या आठच्या आत मशीन सुरू करू देत नाहीत, कारण लोकांची झोपमोड होते. यावर साधा तोडगा आहे, कामाचा क्रम उलटा करायचा. सहाला यायचं आणि हातानं करायची, आवाज नसलेली कामं आधी: निंदण, पाणी, हातकात्रीची छाटणी. आठला मशीन, साडेदहाला बंद. उरलेलं संध्याकाळी पाचनंतर. १ एप्रिल ते १५ जून या वेळा असतील, हे सोसायटीच्या सचिवाच्या सहीनिशी करारात आलं की ‘आज जरा एकपर्यंत थांबा’ हे कुणी म्हणू शकत नाही. निदान म्हणताना चाचरेल.

नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात जपा. गावाकडून आलेला धट्टाकट्टा पोरगा, त्याला काय ऊन लागतंय, असं आपल्याला वाटतं. पण शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि उन्हाचे घात बहुधा त्या पहिल्या काही दिवसांतच होतात. पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या पाचव्या हिश्शाइतकंच, मग रोज थोडं वाढवायचं. आजारपणातून किंवा सुटीवरून परतलेल्यालाही हेच. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवू द्या, माझी आईही ठेवायची. फक्त कांद्याच्या भरवशावर पाणी विसरू नका. कुणी बरळायला लागला, चालताना झोक जायला लागला, तर तो नाटक करत नाही. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत गार करणं थांबवायचं नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. ‘अजून घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही’ हा समज तर साफ चुकीचा आहे. कष्टाचं काम करणाऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होतो.

आणि संडास. ताई, तुमच्या पाच बाया कामाच्या वेळात किती पाणी पितात, कधी बघितलंत? मी पैज लावतो, जवळपास नाही. गड्यांना कुठल्याही कुंपणामागे जाता येतं. बायांना बंगल्यातलं संडास वापरू देत नाहीत, सोसायटीत चौकीदार ‘ते मेंबर लोकांसाठी आहे’ म्हणतो, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग एप्रिलमध्ये एकीला चक्कर येते, दुसरीला लघवीची जळजळ, आणि आपण म्हणतो बायांची तब्येतच नाजूक. पाण्याचे कॅन कितीही ठेवले तरी ते भरलेलेच परत येतील. वीस वर्षांच्या नोकरीत उन्हाच्या सुरक्षेवर मी बरीच व्याख्यानं दिली, त्यातल्या एकातही संडास हा शब्द नव्हता, याची आज लाज वाटते. करारात ओळ टाका: कामावरच्या स्त्रियांना आवारातलं एक संडास वापरता येईल. नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बायांची पाळी पाठवू नका. तुमच्या तोंडून ही मागणी जावी लागेल, त्या स्वतः ती कधीच करणार नाहीत.

बायांच्याच कामाशी जोडलेलं दुसरं. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि आसपास स्क्रब टायफसची साथ आली होती, माणसं दगावली होती. झुडपांत आणि उंच गवतात असणाऱ्या बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्यातून तो होतो. गवतात बसून उघड्या हातांनी निंदण करणं म्हणजे त्याला आमंत्रणच. पावसाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे बायांच्या हाताच्या मापाचे (मोठ्या मापाच्या हातमोज्यात खुरपं धरताच येत नाही, म्हणून ते काढले जातात), बसायला पोत्याऐवजी प्लास्टिकचा पाट, घरी गेल्यावर अंघोळ आणि कपडे बदलणं. आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप आला, तर डॉक्टरला ‘मी बागेत काम करते’ हे आपणहून सांगायचं, आणि अंगावर कुठं काळी खपली आहे का ते दाखवायचं. औषध साधं आणि स्वस्त आहे, उशीर महागात पडतो. पालापाचोळ्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीनं हलवायचा, त्यात घोणस असू शकते. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, चावलेला हात-पाय हलवू न देता थेट मेडिकल किंवा मेयो, म्हणजे नागपूरची सरकारी रुग्णालयं, गाठायची. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांचं झालंय का, हे या आठवड्यातच विचारून घ्या.

फवारणीबद्दल तुम्ही पत्रात एक शब्द लिहिलेला नाही. याचा अर्थ ती होत नाही असा मी धरत नाही. २०१७ मध्ये आपल्या विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात पडले. लॉनवर आणि कुंड्यांत तेच विष कमी मापात येतं इतकाच फरक. गाडीतल्या डब्यांवरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल आणि पिवळा माणसं राहतात त्या आवारात नकोच. जुन्या माळ्यांची लाडकी थिमेटची दाणेदार पुडी, म्हणजे फोरेट, ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कुठं कोपऱ्यात उरली असेल तर ‘संपवून टाकू’ म्हणू नका. फवारणी सकाळच्या गारव्यात आणि वाऱ्याला पाठ देऊन, मिसळायला काठी, हात नाही. पंप गळका असेल तर पाठीवरचा सदरा भिजतो आणि विष कातडीतून आत जातं, नाकातोंडातून जातं त्याहूनही जास्त. कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. कुणाला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे धूसर असं झालं तर बाटली दवाखान्यात सोबत न्यायची, डॉक्टर लेबल वाचून उपचार ठरवतो.

झाडावर चढायचं आणि तारांजवळच्या फांद्या तोडायचं काम तुम्ही घेता का, माहीत नाही. घेत असाल तर सोडा. महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय तारेजवळ कोयता जायला नको, आणि शहरात झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते ती वेगळीच. हे काम ज्यांच्याकडे दोर, पट्टे आणि सराव आहे त्यांना द्या. नाही म्हणण्यात धंद्याची बेइज्जती नाही.

विम्याचं दोन ओळींत. तुमची माणसं अकरा आहेत. दहा हा आकडा ईएसआयसाठी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यासाठी, महत्त्वाचा आहे आणि त्यात रोजंदारीवाले मोजले जातात, ‘चारच पगारावर आहेत’ हे चालत नाही. तुमच्या सीएला किंवा कामगार सल्लागाराला या महिन्यातच भेटा. तोवर प्रत्येकाचा वीस रुपये वर्षाचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँकेत जाऊन काढून द्या, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे. वीस रुपये तुम्ही भरा. पण त्यानं तुमच्यावरची भरपाईची जबाबदारी टळत नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता काका.

त्यांना काढू नका. निदान आत्ता नाही, आणि या कारणासाठी तर नाहीच. ज्या गोष्टीची सोयच नव्हती ती न पाळल्याबद्दल माणसाला काढलं, तर उरलेले दहाजण सुरक्षेचे धडे घेणार नाहीत, भीतीचे घेतील. थैली मशीनला बांधून झाली, वेळा बदलल्या, पाचाचे चार झाले, आणि त्यानंतरही ते पोरांना ‘काढ रे तो चष्मा’ म्हणाले, तर मात्र मशीनचं काम त्यांच्या हाताखालून काढून घ्या. त्यावर ते निघून गेले तर जाऊ द्या, सात वर्षांच्या ग्रॅच्युइटीसकट हिशोब करून, पाया पडून.

पण तिथपर्यंत गोष्ट जाईल असं मला वाटत नाही. पत्राच्या अगदी शेवटी, सही करायच्या आधी तुम्ही लिहिलंय की काकांना डाव्या डोळ्यानं अंधुक दिसतं, तरुणपणी बोगनवेलीची छाटणी करताना काटा गेला होता. पस्तीस वर्षांत काही झालं नाही म्हणणाऱ्या माणसाचा एक डोळा गेलेला आहे, ताई. ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या हिशोबात ते ‘होणं’ धरलेलंच नाही. तेव्हा कुणी बिल भरलं नसेल, मजुरी दिली नसेल, कुणी विचारलंही नसेल. माळ्याचं काम म्हटलं की काटा लागतोच, असं म्हणून ते दुसऱ्या दिवशी कामावर आले असतील. आता एकवीस वर्षांच्या पोराला खडा लागतो आणि मालकीण अठरा हजार भरते, सगळ्यांसाठी नियम काढते. हे बघून त्यांच्या मनात काय कालवलं असेल, याचा अंदाज मी बसल्या जागेवरून करू नये. तुम्ही त्यांना विचारू शकता. साइटवर नाही, सगळ्यांसमोर तर नाहीच. तुम्ही त्यांना काका म्हणता, तर त्यांच्या घरी जा, चहा घ्या, आणि नियमाचं नाव न काढता विचारा, की तो काटा लागला तेव्हा काय झालं होतं.

त्यांना सुरक्षेचा प्रमुख वगैरे नेमू नका. लोक असा सल्ला देतात, मीही दिलेला आहे. गळ्यात पट्टा अडकवून माणसाला स्वतःच्याच बोलण्याविरुद्ध उभं केलं की तो दोन्हीकडून हरतो. त्यांनी फक्त सकाळी पाच मिनिटं पोरांसोबत लॉनवर चालावं. गवतात कुठं काय दडलेलं असतं, हे तुमच्या अकरा जणांत त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

एक शक्यता राहिली, ती मला जास्त खरी वाटते. एकाच डोळ्यानं नीट दिसणाऱ्या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला तुम्ही सगळ्यांना दिला तोच साधा प्लास्टिकचा चष्मा दिलात. त्यांना नंबर असणार. नंबरच्या चष्म्यावर तो बसत नाही, नंबरचा काढून घातला तर फांदी दिसत नाही, आणि वाफ धरली की उरलासुरला डोळाही बंद. मग चारचौघांत ‘मला दिसत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘मले काही झालं नाही’ म्हणणं सोपं जातं. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या आणि नंबर घालून न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचांचा, बाजूनं झाकलेला चष्मा करून घ्या. तो साध्या चष्म्याच्या कितीतरी पट महाग पडेल. उरलेला एक डोळा असलेल्या माणसासाठी तो महाग नाही. त्यांच्यासोबत तुम्ही स्वतः जा, आणि त्या सकाळी गाडी रोपं पोहोचवायला पाठवू नका.